अंबाआत्याची हुडहुडी

नळीतलं रक्त थिजून खाली बसलं होतं आणि त्याच्यावर बोटभर सीरम उभं होतं. समिधानं नळी खिडकीशी धरली. निरोगी माणसाचं सीरम वाळल्या पेंढ्याच्या रंगाचं असतं, इतकं फिकट की पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा त्यातून वाचता याव्यात. यातून काही वाचता येत नव्हतं. नळी कलती केली तशी काचेला पिवळी कड लागली, क्षणभर रेंगाळली आणि सावकाश खाली उतरली. कर्जतच्या भिसेगावातल्या या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये तिनं बावीस वर्षांत हा रंग किती वेळा पाहिला असेल, पण आजच्या पट्टीवर तिच्याच सुवाच्य अक्षरात 'आबाजी, वय ७९' असं लिहिलं होतं. सकाळी सहा वाजता वडिलांच्या खाटेवर बसून ते लिहिताना आपण 'पुरुष' या चौकटीत खूण करायलाही विसरलो नाही, हे आता पाहून तिला जरा नवल वाटलं. रक्त घेताना साखर बघते एवढंच सांगितलं होतं. साखरेला आबांची हरकत नव्हती. साखर हा शहरातला रोग, तो आपल्याला होणार नाही याची त्यांना खात्री होती, त्यामुळे त्यांनी मुलीची हौस म्हणून हात पुढं केला होता.

आदल्या दिवशी ती नेहमीसारखी महिन्याची फेरी म्हणून कशेळ्याला उतरली आणि तिथून जीप बदलून माहेरी गेली. फाल्गुनातली दुपार, कौलं तापलेली, आणि आबा पडवीच्या पायरीवर उन्हात बसले होते. अंगावर घोंगडी. दात वाजत होते. तिला पाहून ते काहीतरी बोलू लागले, पण शब्द हलत हलत बाहेर आले, नीट लागले नाहीत. वीसेक मिनिटांनी हुडहुडी गेली, घाम आला, आणि मग त्यांनी हसून सांगितलं की कावीळ हाय, घरच्याच धन्याला धरलीया, तीन दिवसांपासून औषध घेतोय. कशावरून, असं तिनं विचारलं. हात धुवून बघितले, पाणी पिवळं आलं, ते म्हणाले. त्यांचे डोळे उन्हात हळदीच्या गाठ्यासारखे दिसत होते, आणि बोलता बोलता उजवं कोपर ते बरगडीखाली दाबून धरत होते. पोटात दुखतं का विचारल्यावर, वय झालं की कायतरी दुखायचंच, असं म्हणून त्यांनी विषय बैलांकडे नेला.

यंत्रानं एकेक आकडा काढून दिला. डोळे पिवळे करणारं बिलिरुबिन एकच्या जागी साडेआठ, त्यातलं बहुतेक यकृतातून नीट बाहेर पडलेलं आणि पुढं कुठंतरी अडलेलं. यकृताच्या पेशी मोडल्या की एसजीपीटी हजारांत जातं, ते एकशे चाळीसवरच होतं. उलट पित्ताची वाट तुंबली की जे वाढतं ते अल्कलाइन फॉस्फटेज सहाशेच्या वर. पांढऱ्या पेशी एकोणीस हजार, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. आणि साखर शहाण्णव. साखरेला काहीही झालं नव्हतं. तिनं सवयीनं रिपोर्ट टाइप केला आणि सवयीनंच तळाची ओळ आपोआप उमटली: निष्कर्ष रुग्णाच्या लक्षणांशी पडताळून पाहावेत. ही ओळ तिची फार आवडती होती. आपण आकडा द्यायचा, तो चुकू द्यायचा नाही, आणि आकड्याच्या पलीकडे जायचं नाही. निदान करणारे वेगळे. आपली रेघ इथं संपते असं म्हणून तिनं कितीतरी लिफाफे बंद केले होते, आणि त्यांतल्या काही लिफाफ्यांवरचे पत्ते वाचून हा माणूस आधी आबांच्याच पडवीत औषध घेऊन आला असेल हे तिला कळलेलं होतं.

त्या पडवीची आठवण आली की तिला आधी वास येई. ओल्या मुळीचा, पाट्यावर वाटल्या जाणाऱ्या, किंचित तुरट, त्यात ताकाचा आंबूसपणा मिसळलेला. बुधवार आणि रविवार काविळीच्या औषधाचे वार. माणसं सकाळपासून उपाशी येऊन बसत, मुरबाडकडून, नेरळकडून, खोपोलीच्या कारखान्यांतून, आणि सूर्य डोक्यावरून कलला की आबा आतून वाटी घेऊन बाहेर येत. त्या वेळी पडवीत कुणी बोलायचं नसे. देणाऱ्यानं नाही, घेणाऱ्यानं नाही. मुळीचं नाव विचारायचं नाही, काही द्यायचं नाही, जाताना येतो म्हणायचं नाही. नऊ वर्षांची समिधा तांब्या घेऊन मागून चालायची. आधी आबा माणसाच्या तळहातांना सालीचा रस चोळत, मग ती वरून चुन्याची निवळी धरायची, आणि खाली परातीत पाणी पिवळंजर्द होऊन पडायचं. आतला रोग असा डोळ्यांदेखत बाहेर पडताना पाहून बसलेली माणसं श्वास सोडत. तो वीसपंचवीस माणसांनी एकदम सोडलेला श्वास तिला अजून ऐकू येई. सगळं झाल्यावर, निघायच्या आधी, पायरीच्या खाली उतरून ती पथ्य म्हणून दाखवायची, पाढ्यासारखं: तेल नाय, तूप नाय, हळद नाय, एकवीस दिस. बायका तिच्या गालावरून हात फिरवायच्या. महिन्याभरानं तीच माणसं पुन्हा यायची, काही न घेता, नुसती डोळे दाखवायला. पायरीशी उभं राहून बोटानं खालची पापणी ओढायची, आबा वाकून बघायचे, मान हलवायचे, आणि माणूस निघून जायचा. इतके पांढरे स्वच्छ डोळे तिनं बालपणी पाहिले की जगात रोग टिकत नाही असंच तिला वाटे. जे डोळे दाखवायला आले नाहीत त्यांचे डोळे कुणी पाहिलेच नव्हते, हे लक्षात यायला तिला पुढं बरीच वर्षं लागली.

तिनं डॉक्टर हुजैफांना फोन लावला. दोन गल्ल्या सोडून त्यांचा दवाखाना होता. तिचे आकडे ते डोळे मिटून मानत, आणि ती कधी स्वतःहून फोन करत नाही हेही त्यांना ठाऊक होतं. तिनं आकडे वाचून दाखवले, नाव सांगितलं नाही. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. थंडी वाजून ताप? हो. डोळे पिवळे? हो. उजवीकडे बरगडीखाली दुखतं? तो कबूल करत नाही, ती म्हणाली, पण कोपर दाबून बसतो. मग ते भराभर बोलू लागले: ही साधी कावीळ नाही, पित्तनळीत काहीतरी अडकलंय, बहुतेक खडा, आणि मागं साठलेलं पित्त नासलंय. सोनोग्राफीत खडा दिसेल किंवा दिसणारही नाही, नळी फुगलेली दिसेल. अँटिबायोटिक आजच सुरू व्हायला हवं, नळी दुर्बिणीतून मोकळी करावी लागेल, मोठ्या दवाखान्यात पाठवायची सोय ते करतील. म्हाताऱ्या माणसात हे एका दिवसात रक्तात उतरतं. कोण आहे पेशंट, त्यांनी शेवटी विचारलं. माझे वडील, ती म्हणाली. कर्जतमध्ये आबांचं नाव सगळ्यांना माहीत होतं, डॉक्टरांना तर फारच.

किरणला, म्हणजे धाकट्या भावाला, तिनं फोन केला तेव्हा तो घरून साजगावच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला निघायच्या तयारीत होता. पाळी सोड, म्हणाली, गाडी घेऊन येते. त्यानं आत जाऊन आबांना विचारलं आणि परत येऊन सांगितलं की येत नाय म्हणतात. आज बुधवार. माणसं बसलीत.

स्टँडवरून एक इको गाडी ठरवून ती निघाली. रस्त्याच्या दोन्ही अंगाला कापणी झालेली खाचरं कोरडी पडली होती, बांधावर करवंदीला फूल होतं. ती हात मांडीवर ठेवून बसली. पित्तनळीत काहीतरी अडकलंय, हे वाक्य तिच्या डोक्यात दुसऱ्याच आवाजात फिरत होतं, तिच्या स्वतःच्या, आणि ते आबांबद्दल नव्हतं.

अंबाबाई, आबांची धाकटी बहीण, खालापूरकडं दिलेली. वर्षातून एकदा माहेराला यायची ती होळीला, आणि आली की घराचा आवाज बदलायचा. ती चुलीशी बसून सासूची नक्कल करी, आबांना 'वैद्यबुवा' म्हणे, आणि आबा, जे कुणाच्या चेष्टेला हसत नसत, ते तोंड फिरवून हसत. समिधाला बांधावरून डोक्यावर हंडा घेऊन चालायला तिनं शिकवलं. समे, बघायचं नाय गं खाली, पायाला म्हायती अस्तंय, असं म्हणत ती मागून चालायची. समिधा तेरा वर्षांची होती त्या वर्षी आत्या होळीच्या आधीच आली, पिवळी होऊन. बरगडीखाली हात धरून. दुपारी तिला हुडहुडी भरायची, तीन गोधड्या घातल्या तरी खाट हलायची, आणि हातातल्या हिरव्या बांगड्या एकसारख्या किणकिणत राहायच्या. ते थांबवायला समिधा तिच्या अंगावर सबंध आडवी व्हायची. अगं, मी काय खाट हाय तुजी, आत्या दात वाजत असतानाही म्हणायची, आणि दोघी हसायच्या. ते हसणं इतकं जवळचं, गरम, तापाच्या वासाचं होतं की पुढं कुणाच्याही कुशीत समिधाला तसं वाटलं नाही. आबांनी तिचे हात धुतले. पाणी पिवळं आलं. सात दिवस औषध दिलं, एकही दिवस न चुकता, बहिणीसाठी वार न पाळता. सहाव्या दिवशी ती समिधाला ओळखेनाशी झाली. नवव्या दिवशी गेली. उशिरा आली, असं सगळे म्हणाले. महिनाभर आबांनी पाटा भिंतीला उभा करून ठेवला होता, औषध वाटलं नाही. मग एका रविवारी एक बाई तान्ह्या पोराला घेऊन आली, तिचं पोर पिवळं होतं, आणि आबांनी पाटा आडवा केला.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला रसायनशास्त्राच्या वहीत समिधानं चुन्यासारख्या अल्कलीमुळं रंग बदलणाऱ्या वनस्पतिज द्रव्यांची यादी उतरवून घेतली होती. सुट्टीत घरी आल्यावर, घरी कुणी नसताना, तिनं स्वतःच्या निरोगी तळहातांना सालीचा रस चोळला आणि वरून चुन्याची निवळी ओतली. परातीत पिवळंजर्द पाणी पडलं. तिनं पुन्हा केलं. मग नुसत्या वाटीत केलं, हात न लावता. तरी पिवळं. ते पाणी तिनं परसात अळूच्या मुळाशी ओतलं आणि कितीतरी वेळ तिथंच उभी राहिली. रोग बाहेर पडत नव्हता. साल आणि चुना एकमेकांना भेटत होते. पुढं लॅबचा अभ्यास केला तेव्हा उरलेलंही कळलं: शंभरातल्या नव्वदांची कावीळ विश्रांतीनं आपणहून उतरते, आणि आबांचं औषध त्या नव्वदांच्या पायावर उभं होतं. उरलेले दहा वेगळ्याच कशानं पिवळे झालेले असत. त्यांना वेगळं काढणं एवढंच काम होतं, आणि पडवीत ते काढायची सोय नव्हती, कारण तिथं सगळ्यांचंच पाणी पिवळं यायचं. आबा खोटं बोलत नव्हते. हे तिला सगळ्यात जड जाई. लबाडी असती तर तोडता आली असती.

त्याच सुट्टीत आबांनी तिला विचारलं होतं. हे औषध पुढं एकालाच देता येतं, देणाऱ्यानं मुळी हातात घालायची आणि घेणाऱ्यानं ओंजळ पुढं करायची, झालं. किरणचा हात गरम, तुझा हात थंड, तूच घे. ती म्हणाली, परीक्षा होऊ दे. मग म्हणाली, लग्नाचं ठरतंय. मग लॅब बसू दे, मग लेकीची, रियाची, दहावी होऊ दे. दर वेळी आबा बरं म्हणत. तिचं मनात ठरलेलं होतं, त्या परातीपाशीच ठरलं होतं. फक्त ते बोलून दाखवायचं राहत गेलं, आणि राहता राहता त्याला जवळजवळ तीस वर्षं झाली.

पडवीत आठ माणसं होती. ती त्यांच्या मधून आत गेली. माजघरात आबा खाटेवर बसले होते, धुतलेला सदरा घालून, पाटा पुसून ठेवलेला, वर मुळीचा तुकडा. किरण दाराला टेकून उभा होता.

"आलीस? साखर किती आली?"

"शहाण्णव."

"बघ. म्हंजे काय नाय."

तिनं त्यांचं मनगट हातात घेतलं. नाडी एकशे अठरा. हात पेटलेला होता. गाडी आणलीय, डॉक्टर वाट बघतायत, आपल्याला आत्ताच निघायचंय, असं तिनं सांगितलं. आबांनी तिला बोलू दिलं.

"येत नाय असं कुटं म्हटलंय मी? येतो. पन हे तुझ्या हातात घातल्याबिगर उंबरा वलांडायचा नाय. परीक्षा झाली, लगीन झालं, तुजं दुकान बसलं. आता कशाची वाट बगतेस?" त्यांनी मुळीचा तुकडा उचलला.

"हो म्हण गं ताई," किरण हळूच म्हणाला. "ओंजळ पुढं करायची. मागनं दे नायतर देऊ नको. काय जातंय तुजं?"

खरंच काय जात होतं? डॉक्टरही हेच म्हणाले असते. दहा सेकंदांचं काम, आणि म्हातारा गाडीत बसेल. तिचे हात मांडीवरून किंचित उचललेही गेले. ती त्या हातांकडे बघत राहिली. उद्या दवाखान्याच्या खाटेवरून आबा, जो भेटायला येईल त्याला, सांगतील की आता समिधाकडं जा. माणसं भिसेगावात येतील, डोळे घेऊन, आणि त्यांच्यात कुणीतरी असेल जिच्या बांगड्या वाजत असतील. आणि आपण पुन्हा एक आकडा देऊ, बरोबर, आणि तळाशी ती ओळ.

तिनं हात खाली घेतले.

"आबा, अंबाआत्याला हुडहुडी भरायची, आठवतं?"

आबांनी वर पाहिलं. हे नाव त्या घरात फार वर्षांनी कुणी मोठ्यानं घेतलं होतं.

"कावीळवाल्याला ताप आधी येतो. डोळे पिवळे झाले की तो उतरतो. तुम्हीच सांगायचात हे लोकांना. तिचा उतरला नाही. तुमचाही उतरलेला नाही. तिला कावीळ नव्हती, आबा. पित्ताच्या वाटेत खडा अडकला होता आणि मागं पू झाला होता. तुम्हालाही तेच झालंय."

"हात पिवळे आले व्हते तिचे."

"माझेही येतात. किरणचे येतील. बाहेर तो ड्रायव्हर आहे, त्याचेही येतील. ते साल आणि चुन्याचं असतं."

किरण दाराचा टेका सोडून सरळ उभा राहिला. आबांनी आपले तळहात उलटे करून पाहिले, मग सुलटे.

"कवापास्नं म्हायती हाय तुला?"

"कॉलेजात होते तेव्हापासून."

"आनि बोलली नायस."

"नाही."

"मधी किती मानसं येऊन गेली," आबा म्हणाले. त्यात राग नव्हता. एखाद्या वाटेनं मागं जाऊन बघावं तसे ते नुसते म्हणाले, आणि त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं असं तिला वाटलं. एकदा आबांचे ओठ हलले, बहिणीचं नाव घेतल्यासारखे. मग मुळीचा तुकडा त्यांनी खाटेखाली ठेवला, कुणाला दिला नाही, टाकलाही नाही.

"गाडी लांब लावलीय का रं?" त्यांनी किरणला विचारलं. किरण त्यांच्या बगलेत हात घालायला पुढं झाला तसं त्यांनी समिधाकडं न बघता म्हटलं, "भाईर बसलेली हायत ती. सकाळपास्नं उपाशी. त्यान्ला काय सांगायचं ते तू सांग. मला नाय जमायचं."

ती पडवीत आली. आठ चेहरे वर झाले. पुढंच एक बाई बसली होती, पदरानं मुलीला वारा घालत. मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची, भिंतीला टेकलेली, डोळे पिवळे, कपाळावर घाम. बाईनं सवयीनं मुलीचे तळहात उलगडून पुढं केले, आणि समिधाच्या हातात वाटी नाही हे पाहून ती गोंधळली. सूर्य कललेला होता. या वेळी या जागी आजवर कुणी एक शब्दही बोललेलं नव्हतं, तिनंसुद्धा नाही. मागं आबांची पावलं उंबऱ्याशी येऊन थांबलेली तिला कळली. हिला थंडी वाजते का, असं तिनं त्या बाईला विचारलं. बाई दचकली. तिनं आबांकडं पाहिलं, आणि मग मान हलवली: नाय, थंडी गेली चार दिसांमागं, डोळं पिवळं झालं तवाच.

म्हणजे ही बहुधा त्या नव्वदांतली, समिधानं ताडलं. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा स्पष्ट निघाला, अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या ड्रायव्हरनंसुद्धा मान वळवली.

"सगळ्यांनी आधी काहीतरी खाऊन घ्या. मग कर्जतला या, प्रत्येकाचं रक्त मी स्वतः तपासते आणि कुणाला काय झालंय ते तोंडानं सांगते. इथलं औषध आजपासून बंद. आबांनी ते मला द्यायचं ठरवलं होतं. मी घेणार नाही."